जुन्या घराचं काम काढलंय, वायरिंग सगळं बदलायचं की जोड देऊन भागेल?

अरुणावतीकाठ

नमस्कार मंडळी. दिग्रसजवळच्या गावातलं आमचं घर दिवाळीनंतर दुरुस्तीला घेतोय. मातीच्या जाड भिंती, सागाच्या म्याली, वर कवेलू. पुढची ओसरी आणि माजघर तसंच ठेवायचं. मागच्या दोन खोल्या पाडून तिथे विटांचं पक्कं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बांधायचं, वर स्लॅब. मिस्त्री ठरला, विटा पडल्या, सळई यायची आहे.

प्रश्न वायरिंगचा आहे. आजोबांच्या काळात गावात वीज आली तेव्हा केलेलं काम अजून तसंच आहे. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या काळ्या वायरी, गोल लाकडी ब्लॉक, काळे खटके, मीटरखाली चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज. पुढे बाबांनी गरजेप्रमाणे जोड घेत फ्रीज, कूलर, इन्व्हर्टर, विहिरीची छोटी मोटर, सगळं त्याच्यावरच चढवलं. अर्थिंगची वायर मला तरी कुठे दिसली नाही.

गावातला वायरमन म्हणतो, "ताई, मागच्या खोल्यांचं नवीन करून देतो, पुढच्याले हात नका लावू, चालून राहिलं ना." मिस्त्री म्हणतो, मेन पाडून काम करू, काही होत नाही. पण काम सुरू असताना आई त्याच घरात राहणार आहे. मजूर भिंती फोडणार, पाणी मारणार. मला याचीच धास्ती वाटते. ज्यांनी असं जुनं घर हातात घेतलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची, काय ठेवता येतं आणि काय ठेवायचंच नाही?

वर्धेचा_पाहुणा

सगळं बदला. एक इंचही जुनं ठेवू नका.

खटकाबटन

ताई, मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवत होतो. यवतमाळ-अमरावती भागातली अशी घरं पोरांना नेऊन दाखवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकडी पट्टीवरची काळी वायर रबराची असते. आतलं तांबं बहुधा आजही शाबूत निघतं, खराब होतं ते वरचं रबर. उष्णतेने आणि हवेने ते कडक होतं, तडकतं. पट्टीवर न हलता पडून असतं तोवर जागेवर टिकतं, म्हणून दिवे लागतात. बोर्ड उघडून वायर बोटाने जरा वाकवली की रबर जुन्या बिस्किटासारखं गळून पडतं आणि उघडं तांबं समोर येतं. होल्डर आणि 'सीलिंग रोज' (छताखालची वायर जोडायची गोल डबी) यांच्या तोंडाशी तर ते आधीच गेलेलं असतं, कारण बल्बची गरमी वर्षानुवर्षं तिथेच लागलेली असते. आता तुमचा वायरमन म्हणतो हात लावू नका. पण नवीन वायरीचा जोड द्यायचा तर जुनी वायर छिलावीच लागणार. हात न लावता जोड देता येत नाही, आणि मागे भिंत फोडताना बसणारे हादरे माजघरापर्यंत येणारच.

बाबांनी घेतलेले जोड नीट पाहा. एका काळात तांब्याच्या टंचाईमुळे आपल्याकडे घरोघर अ‍ॅल्युमिनियमची वायर वापरली गेली. तांब्याला अ‍ॅल्युमिनियमचा नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळली असेल तर तो जोड घरातला सगळ्यात धोक्याचा. दमटपणाने तिथे गंज धरतो, अ‍ॅल्युमिनियम तापून फुगतं आणि थंड होऊन आकसतं, पीळ सैल होतो, सैल जोड आणखी तापतो. तिथे करंट जास्त वाहत नसतो, म्हणून फ्यूज उडत नाही आणि एमसीबीही (फ्यूजऐवजी बसवतात तो आपोआप पडणारा खटका) पडत नाही. टेपच्या आत जळत राहतं.

तुम्ही दोन किटकॅट लिहिलेत, त्यावरून एक शंका. जुन्या पद्धतीत एक फ्यूज फेजवर, म्हणजे करंट घेऊन येणाऱ्या वायरीवर, आणि एक न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर बसवत. न्यूट्रलचा उडाला तर घरातले सगळे दिवे जातात, माणूस म्हणतो लाइन गेली, आणि प्रत्येक खटक्यापर्यंत फेज तसाच उभा असतो. शिवाय कितीतरी घरांत खटकाच न्यूट्रलवर घेतलेला सापडतो. मग खटका बंद करून बल्ब बदलायला गेलं तरी होल्डरमध्ये करंट असतो.

म्हणून मेन पाडला की घर सुरक्षित झालं, हे मिस्त्रीचं बोलणं जुन्या घरात गृहीत धरू नका.

वरूडचा_मृगबहार

ताई, मिस्तरी मेन पाडतो म्हनते ना, त्याले आधी इचारा कोनता मेन.

आमच्या वाड्याची वाटनी झाली तवा मधातून भिंत घातली, मीटर दोन झाले, पन वायरी कोनी वाटल्याच नाही. काकाच्या बाजूच्या मीटरवरून आमच्या धान्याच्या खोलीतला एक बल्ब चालू होता. कोनाले मालूम नव्हतं, बिल काका भरत होते. खोली पाडाले घेतली, आमचा मेन पाडला, किटकॅट काढून बाबानं खिशात ठेवले. अन् मजुरानं सब्बल मारली ते सीधी पट्टीमागच्या वायरीवर. पोट्टं मागं फेकल्या गेलं. पायात रबराचे बूट होते अन् भिंत कोरडी होती म्हनून वाचलं. सब्बलीच्या टोकाले जळाल्याचा काळा डाग पडला होता, तो अजून हाय.

अरुणावतीकाठ

बाप रे. आमच्याही घराची वाटणी झालेली आहे, चुलत्यांची बाजू भिंतीला लागूनच. आणि इन्व्हर्टर आमचा ओसरीत आहे, त्याची लाइन मागच्या खोलीतही जाते. मेन पाडला तरी तो चालूच राहणार, हे तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग वायर मेलेली आहे हे नक्की ओळखायचं कसं? वायरमन टेस्टर लावून दाखवतो.

खटकाबटन

टेस्टरचा दिवा लागला तर करंट आहे, इतपत ठीक. नाही लागला तर करंट नाही, असं मात्र म्हणता येत नाही. तो निऑन दिवा अगदी बारीक करंटवर लागतो आणि तो करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो. तुम्ही लाकडी घोड्यावर, रबरी चपलेत असाल तर दिवा इतका मंद लागतो की उन्हात दिसतच नाही. उलट कधी कधी मेलेल्या वायरीवरही शेजारच्या वायरीमुळे मिणमिणतो.

आम्ही पोरांना टेस्ट लॅम्पने, म्हणजे होल्डरला दोन वायरी जोडलेल्या साध्या बल्बने, तपासायला शिकवायचो. आधी लॅम्प चालू असलेल्या पॉइंटवर लावून पेटतो का ते बघायचं. मग संशयाच्या वायरीवर लावायचा, फेज ते न्यूट्रल, फेज ते जमीन, न्यूट्रल ते जमीन, तिन्ही. मग परत चालू पॉइंटवर. शेवटचं लोक विसरतात, आणि मधल्या वेळात लॅम्पचाच बल्ब गेलेला असू शकतो. हे वायरमननेच करायचं, घरच्यांनी नव्हे. तुम्ही फक्त तो तिन्ही वेळा लावतो का ते उभं राहून बघा.

इन्व्हर्टरचा नुसता खटका बंद करून भागत नाही. त्याची आउटपुट वायर बोर्डातून सोडवून घ्या आणि बॅटरीची एक तार काढा. चुलत्यांशी बोलून ज्या दिवशी मागची भिंत पाडायची त्या दिवशी त्यांचाही मेन थोडा वेळ पाडून घ्या.

मीटर आणि त्याच्या आधीची वायर आपली नाही, सीलला कोणी हात लावायचा नाही. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पाडायच्या भिंतीवरून जात असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन ती आधी हलवून घ्या.

कापूसकोंडा

सगळं बदला म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. गावातलं घर म्हणजे पगारावर उभं घर नाही. कापसाला भाव मिळाला तर पैसा, नाही तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. वायरिंगचा सगळा पैसा एकदम काढा असं म्हटलं की माणूस काहीच करत नाही, आणि वायरमन जोड मारून जातो. त्यापेक्षा टप्पे सांगा.

आमच्याकडे पहिल्या वर्षी फक्त नवीन मेन बोर्ड, अर्थिंग आणि पाण्याजवळचं सगळं केलं: न्हाणी, स्वयंपाकघर, कूलर, मोटर. पुढच्या खोल्यांचे दिवे-पंखे जुन्यावर ठेवले, दुसऱ्या वर्षी बदलले.

वर्धेचा_पाहुणा

@कापूसकोंडा, आणि त्या मधल्या वर्षात पेटलं असतं तर? सागाची म्याल, वर कवेलूखाली वाळलेला बांबू. ठिणगी पडायला किती वेळ लागतो?

खटकाबटन

दोघांचंही म्हणणं धरून सांगतो. टप्प्याने करायला हरकत नाही, पण जुनं आणि नवीन यांचा जोड कुठेच नको. नवीन बोर्डातून जुन्या दिव्या-पंख्यांची लाइन वेगळ्या ६ अँपिअरच्या एमसीबीवर काढायची. त्यावर एलईडी आणि पंखे एवढंच चालेल. तिथले सगळे सॉकेट बंद करून टाकायचे, नुसते वापरू नका असं सांगून भागत नाही, त्यांच्या वायरी सोडवायच्या. इस्त्री, फ्रीज, कूलर, इंडक्शन सगळं नवीन लाइनवर. आणि तो जुना भाग पुढच्या वर्षी खरंच बदलायचा.

२००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर घेते. जुन्या दिव्यांच्या लाइनमध्ये आपले वायरमन ज्याला 'तीन बावीस' म्हणतात ती वायर असते, साधारण १.२ स्क्वेअर एमएम. तिच्यावर शेगडी, फ्रीज आणि कूलर चढवले की किटकॅट सारखा उडतो, मग कोणी तरी त्यात जाड तार घालतो. तेव्हापासून वितळायचं काम फ्यूजऐवजी भिंतीवरची वायर करते. ताई, तुमचे किटकॅट लाइन बंद असताना वायरमनला काढून दाखवायला सांगा. आत केसासारखी बारीक तार दिसली नाही, तर तिथेच समजा.

अंजनगावची_सून

आमच्याकडे वायरमनने झटक्यापासून वाचवणारा आरसीसीबी लावून दिला होता. पावसाळ्यात दिवसातून कितीदा पडायचा! पाहुणे बसले की अंधार. शेवटी सासऱ्यांनी तो काढायला लावला. त्यामुळे ताई, तो खर्च वाचवा असंच मी म्हणेन.

झाडीपट्टी

@अंजनगावची_सून ताई, तो पडत होता कारण कुठेतरी करंट गळत होता. तो काढला म्हणजे गळती थांबली नाही ना? कृपा करून परत लावून घ्या. घरात लहान मुलं आहेत असं तुम्ही मागे एका धाग्यात लिहिलं होतं.

खटकाबटन

झाडीपट्टी बरोबर बोलल्या. एमसीबी वायरीला वाचवतो, जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडतो. माणसाला झटका बसताना करंट इतका कमी असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का, एवढंच सतत बघतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. तेवढा करंट दुसऱ्या वाटेने जातोय असं दिसलं की क्षणात तोडतो.

जुन्या घरात तो सारखा पडण्याची कारणं ठरलेली असतात. ओल धरलेली वायर. एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून उसना घेतलेला. किंवा कोणीतरी थ्री पिन सॉकेटमध्ये अर्थिंग नाही म्हणून अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून ठेवलेली. हे शेवटचं फार वाईट. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर फ्रीजचं पूर्ण पत्र्याचं अंग फेज होतं. ताई, वायरमनला एकेक सर्किट सोडवून पाहायला सांगा, कोणतं सर्किट लावल्यावर पडतो ते सापडेल.

आणि आरसीसीबी लावला म्हणजे सगळं झालं असंही नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर त्याला ते नेहमीच्या बल्बसारखंच दिसतं, तो पडत नाही.

कापूसकोंडा

अर्थिंगबद्दल मी लिहितो, कारण आमच्या काळ्या मातीत ते वेगळंच प्रकरण आहे. पावसाळ्यात ही माती ओली, चिकट, करंट छान जिरवते. एप्रिल-मेमध्ये जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते, आणि नेमकं तेव्हाच घरात कूलर चालू असतो. म्हणजे अर्थिंगची गरज सगळ्यात जास्त तेव्हा ते सगळ्यात कमजोर.

आम्ही जीआय पाइप अडीच मीटर खोल घातला, भोवती कोळसा-मीठ, वर छोटं चेंबर आणि नरसाळं. भिंतीपासून दीड मीटर दूर. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. आमची म्हातारी तुळशीला घालताना तिथेही घालते, तिला सवयच लागलीय. मिठाने पाइप हळूहळू खातो हे खरं, म्हणून काही वर्षांनी उकरून बघावं लागतं. केमिकल अर्थिंग महाग, पण तिथे ती कटकट कमी.

पूर्वी लोक नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थ जोडायचे. ताई, न्हाणीचं नळकाम बदलून प्लास्टिकचं करणार असाल आणि जुना अर्थ त्या पाइपाला असेल, तर पाइप निघाला की अर्थही गेला. हे नक्की बघा.

झाडीपट्टी

ब्रह्मपुरीकडून लिहिते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, कूलरशिवाय म्हातारी माणसं जगू शकत नाहीत. आणि दरवर्षी कूलरचा झटका लागून कोणीतरी गेल्याची बातमी येतेच. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, पंपाची वायर पत्र्याच्या धारेवरून बाहेर. धारेने वायर कापली की सगळा पत्रा जिवंत. पाय ओले, फरशी ओली, बाई पाइप धरून पाणी भरते आहे.

ताई, घर करतच आहात तर कूलरच्या खिडकीशी वेगळा थ्री पिन पॉइंट घ्या, अर्थ असलेला, आरसीसीबीमधून आलेला. आणि आईला एकच सवय लावा, पिन काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही. खटका बंद करून नव्हे, पिन काढून.

वरूडचा_मृगबहार

पिनीवरून आठवलं. थ्री पिनची मोठी पिन काहून मोठी असते ते माह्या पोरानं इचारलं. मी म्हनलं, बापू, थे घरातल्या मोठ्यासारखी आधी जाते अन् शेवटी निंघते.

खटकाबटन

पोराला अगदी बरोबर सांगितलंत. ती लांब असते ती त्यासाठीच. फेज लागायच्या आधी अर्थ लागतो आणि फेज सुटल्यावरच अर्थ सुटतो. म्हणून ती पिन तोडून टू पिनमध्ये घुसवू नये.

पुसदवाला

विषय निघालाच आहे तर टिनाबद्दल लिहितो. आमच्या शेजारच्या गल्लीत पावसाळ्यात दोन जीव गेले. सर्व्हिस वायर टिनाच्या शेडवरून टेकून गेली होती, वाऱ्याने घासून तिचं प्लास्टिक गेलं. टिनाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली. बाईने ओला कपडा टाकला, तिला चिकटलेलं पाहून नवरा धावला. दोघंही. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक घरात नायलॉनची दोरी आहे.

दुरुस्तीच्या वेळी मागे तात्पुरतं टिनाचं शेड घालतातच, आईचा स्वयंपाक तिथे होतो. त्या टिनावरून कोणतीही वायर नेऊ देऊ नका.

आणि कोणाला चिकटलं तर आधी लाइन तोडायची. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने सोडवायचं, हात लावायचा नाही. आमच्याकडे अजूनही काही लोक झटका लागलेल्याला मातीत, वाळूत पुरतात. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ला फोन लावायचा.

अंजनगावची_सून

वाचून अंगावर काटा आला. वायरमनला फोन केलाय, रविवारी येतो म्हणाला.

वर्धेचा_पाहुणा

जरा वेगळा मुद्दा. जुनी वायर निघाल्यावर तिचं काय करणार? आमच्या गावात पोरं घरामागे वायरी जाळून तांबं काढतात, भंगारवाला उघड्या तांब्याला जास्त भाव देतो म्हणून. पीव्हीसी जळाली की त्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, डोळे आणि छाती जळते, आणखीही विषारी पदार्थ निघतात. वायर आहे तशीच विका, चार पैसे कमी आले तरी चालतील. कामाच्या जागी मजुरांनाही सांगून ठेवा, कारण संध्याकाळी शेकोटीत तेच टाकतात.

अरुणावतीकाठ

सागाच्या पट्ट्या आणि काळे खटके मात्र मी ठेवणार आहे, ओसरीत शोभेला. करंट न जोडता!

सगळं वाचून आम्ही घरात बसलो आणि बोललो. चुलत्यांशीही बोलणं झालं, ते तयार आहेत. पुढच्या भागाचंही वायरिंग आताच करू, तेवढा पैसा फरशीतून वाचवता येईल, ओसरीत शहाबादी आहे तीच राहू दे. दोन गोष्टी अजून कळत नाहीत. मातीच्या भिंतीत पाइप गाडता येतो का? आणि काम चालू असताना आईच्या खोलीला आणि मिस्त्रीच्या मशीनला लाइन द्यायची कुठून?

खटकाबटन

मातीच्या भिंतीत झिरी मारू नका. भिंत कमजोर होते, पाइप धरत नाही, आणि त्या वाटेने उंदीर आणि उधई आत जाते. पुढच्या भागात पीव्हीसीची पट्टी वरूनच घ्या, भिंतीत लाकडी गुट्ट्या ठोकून त्यावर. दिसायला साधी, पण उद्या काही झालं तर टोपण काढून पाहता येतं. मागच्या पक्क्या खोल्यांत कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतून करा. सळई बांधून झाली की स्लॅब पडायच्या आधी वायरमनला बोलवा, छतातले पाइप आणि पंख्याचे हूक तेव्हाच पडतात. नंतर आठवलं तर स्लॅब फोडावा लागतो. भिंतीतले पाइप टाकून झाले की प्लास्टर मारायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे आरसा लावायला ड्रिल मारताना तोच फोटो कामाला येतो.

वायर आयएसआय खुणेचीच, तांब्याची, ९० मीटरचं सीलबंद बंडल. दिव्यांना १.५, सॉकेटला २.५, गिझर-इंडक्शनला ४ स्क्वेअर एमएम. हिरवी वायर फक्त अर्थला. उरलीय म्हणून कोणी ती फेजला वापरू लागला तर काम थांबवा.

आता तात्पुरती लाइन. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मीटरजवळ एक छोटा बोर्ड बसवून घ्या: डबल पोल मेन (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, त्यातून आईच्या खोलीची एक लाइन आणि कामाची एक लाइन, दोन्हींना आपापला एमसीबी. याच बोर्डाला आधी अर्थिंग करून घ्या, म्हणजे ते पहिल्या दिवसापासून मिळेल. जुनं वायरिंग मीटरपासून फेज आणि न्यूट्रल दोन्ही बाजूंनी सोडवून टाका. तेव्हा भिंत फोडायला हरकत नाही, पण टेस्ट लॅम्प लावूनच. मिस्त्रीचं कटर, व्हायब्रेटर, पाण्याची मोटर, सगळ्याला थ्री पिन टॉप लावायला सांगा. कामावर वायरीची टोकं छिलून सॉकेटमध्ये काडी खुपसून मशीन चालवतात. ते दिसलं की तिथेच बंद करा, वाईटपणा आला तरी चालेल.

कापूसकोंडा

एक जोड. गिझर, इंडक्शन वाढवणार तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. काही जण न बघता सही देतात. तुमच्या घरी येऊन मेगर लावल्याशिवाय तो कागद घेऊ नका.

अंजनगावची_सून

वायरमन येऊन गेला. न्हाणीतल्या दिव्याचा न्यूट्रल शेजारच्या खोलीच्या वायरीतून घेतलेला निघाला, आणि ओसरीतल्या बाहेरच्या होल्डरमध्ये पाणी जात होतं. दोन्ही नीट केलं, आरसीसीबी परत बसवला. दोन दिवस पाऊस आहे, अजून पडला नाही. आणि त्यावरचं 'टी' बटन महिन्याला एकदा दाबून पाहायचं असं सांगून गेला.

अरुणावतीकाठ

छान झालं ताई! मेगर म्हणजे नेमकं काय करून घ्यायचं? आणि कधी?

खटकाबटन

दोनदा. वायरी ओढून झाल्यावर, खटके-दिवे लावायच्या आधी एकदा, आणि सगळं झाल्यावर, लाइन द्यायच्या आधी परत. मेगर म्हणजे वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजायचं यंत्र, ५०० व्होल्टचं घ्यायचं. फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ, फेज ते न्यूट्रल. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर लाइन देऊ नका, कुठेतरी वायर कापली गेलीय किंवा पाइपात पाणी राहिलंय. नव्या वायरीत आकडा त्याहून कितीतरी वर यायला हवा. लावायच्या आधी एलईडी, इन्व्हर्टर, फ्रीज, जे काही लागलेलं असेल ते काढून ठेवा, ५०० व्होल्टने ते जळतं. अर्थिंगचं माप वेगळ्या अर्थ टेस्टरने, आणि तुमच्याकडे ते दिवाळीनंतर माती ओली असताना चांगलंच येईल, म्हणून मे महिन्यात परत मोजून घ्या.

वरूडचा_मृगबहार

अन् मोजताना काकाच्या बाजूचा मेनही पाडाले सांगा ताई. सुटलेली एखादी वायर तवाच सापडते.

अरुणावतीकाठ

हो, चुलते स्वतः उभे राहणार आहेत. तात्पुरत्या बोर्डाचं सामान उद्या दिग्रसहून आणतो.